बंदूक जमा करण्याचा प्रश्न

"हाव, जमा करा ना. काऊन नाही?" नारायणभाऊ म्हणाले आणि मी 'होय'समोर खूण केली.

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं ते गाव. सकाळपासून ज्याला विचारावं तो 'हाव' म्हणत होता आणि मी खुशीत होतो. लोक वाद घालत नाहीत, हाकलून देत नाहीत, वर चहा पाजतात. सर्व्हेवाल्याला आणखी काय पाहिजे!

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं आणि हत्यारांचा कायदाही नवाच होता. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मिळे. बंदूक कसली, भरमार. नळीच्या तोंडातून दारू ठासायची आणि बार काढायचा. दुसरा बार भरेपर्यंत रानडुक्कर शेजाऱ्याच्या वावरात पोचलेलं असायचं. या बंदुका गावात राहू द्याव्यात की सरकारने कायमच्या काढून घ्याव्यात, याबद्दल लोकांचं मत जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना हवं होतं. ते काम पुण्याच्या एका संस्थेकडे आलं. मी त्या संस्थेचा फील्ड इन्व्हेस्टिगेटर. म्हणजे सायकल हाणत गावोगाव जायचं, छापील प्रश्न जसेच्या तसे विचारायचे आणि स्वतःचं डोकं चालवायचं नाही. ही शेवटची अट मला पहिल्यापासून जड जायची.

मुख्य प्रश्न असा होता: 'गावातील बंदुका सरकारने जमा कराव्यात, असे आपणास वाटते का?'

चहाची कपबशी हातात देताना नारायणभाऊंनी मलाच विचारलं, "मंग साहेब, यंदा निवडणूक लवकर हाये का?"

"निवडणूक? ती कुठून आली?"

"आता घ्या! निवडणूक नाही, तं बंदुका जमा कायले करून राह्यले?"

मी कपबशी खाली ठेवली. "भाऊ, जमा म्हणजे तुम्ही काय समजलात?"

"तुमी कोन्या गावचे हो?" ते हसले. "निवडणूक आली का बंदूक ठान्यात नेऊन ठेवाची. निवडणूक झाली का घरी आनाची. त्याले जमा म्हनतात."

"आणि परत दिलीच नाही तर?"

हसू गेलं. "काऊन देनार नाही? डोंगर थो समोर हाये. ज्वारी निसवली का डुकरं येतात. बंदूक नसली तं एका रातीत वावर सपाट. लेकरं खातीन काय?"

मी दूर घाटावरच्या जानेफळचा. आमच्या गल्लीत कुणाकडे बंदूक नव्हती, त्यामुळे ठाण्यातल्या या रिवाजाचा मला पत्ताच नव्हता. पायथ्याच्या सगळ्या गावांतून मी 'होय' गोळा करत आलो होतो. आता त्या होकारांवर या माणसाची बंदूक जाणार होती, आणि ती काढून घ्यायला त्याने स्वतःच आनंदाने संमती दिली होती.

त्याच रात्री एसटीने बुलढाण्याला पोचलो तेव्हा आमचे पुण्याचे साहेब रिपोर्ट लिहीत बसले होते. सोमवारी अधिकाऱ्यांपुढे बैठक होती.

"साहेब, प्रश्नातला शब्द चुकलाय. 'जप्त' पाहिजे होता."

"वानखडे, 'जप्त' मीच काढला. तो लोडेड वर्ड आहे. म्हणजे भरलेला शब्द, उत्तर त्याच्या पोटातच असतं. जप्त म्हटलं की माणूस घाबरतो."

"पण लोक दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतायत!"

"शेतकऱ्यांचा विरोध नाही, असं मी वर कळवून बसलोय. एका माणसाच्या बोलण्यावर बदलू?"

"मग उद्या स्वतः चला."

ते आले, पण जीप घेऊन आले. गावात जीप आली म्हणजे पोलीस आले, असंच लोक धरत. ओट्यावर बसताच त्यांनी विचारलं, "तुमची बंदूक सरकारने जप्त करावी का?"

नारायणभाऊंनी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोनती बंदूक? म्हाया घरी बंदूक नाही."

बंदूक त्यांच्या डोक्यावर खुंटीला टांगलेली होती.

बघता बघता गल्लीतली दारं लागली. "पाहिलंत?" साहेब हळूच म्हणाले. "म्हणूनच तो शब्द काढला होता." त्यांचं म्हणणं खरं होतं. माझंही खरं होतं. पण सोमवार जवळ आला होता आणि गाव आता आमच्याशी बोलायला तयार नव्हतं.

शेवटी मी कागद पिशवीत घातले आणि नारायणभाऊंना सरळ सांगितलं, "भाऊ, हे पोलीस नाहीत. काल तुम्ही 'हाव' म्हणालात ना, त्याचा अर्थ साहेबांच्या कागदात असा होतो की तुमची बंदूक कायमची न्या."

"मी असं कवा म्हनलो बे?" ते ताडकन उठले. साहेबावरून मी एकदम 'बे'वर आलो होतो, पण मला हायसं वाटलं. माणूस निदान बोलत तरी होता. त्यांनीच शेजारच्यांना हाका मारल्या, "या रे, हे आपल्या बंदुका घेऊन चालले!" ओटा भरला. मग साहेबांनी प्रश्न नव्याने मांडला: ठाण्यात ठेवलेली बंदूक परत मिळाली नाही, तर चालेल का?

"नाही!" असा गलका झाला. तेवढ्यात आतून वहिनींचा, म्हणजे नारायणभाऊंच्या बायकोचा, आवाज आला, "मले चालन. बार काढताना यायचा हात भाजला, तवा मी रातभर रडली." ओट्यावरचे हसले. साहेबांनी मात्र तेही लिहून घेतलं. घरच्या बाईचं मत घ्यायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग पायथ्याची गावं आम्ही त्या नव्या प्रश्नाने पुन्हा पिंजून काढली. बैठकीत साहेबांनी उभं राहून सांगितलं की आधीचे आकडे धरू नका, प्रश्न आमचाच चुकला होता. तसं म्हणणं सोपं नसतं. त्या दिवसापासून मी त्यांना मनापासून मानू लागलो. परवाने कायम राहिले.

पुढची निवडणूक आली आणि त्या भागातले हवालदार मला बुलढाण्याच्या बाजारात भेटले. चांगलेच तापलेले होते.

"तुमी त्या गावात काय इचारून आले हो? पयले लोक हसत येऊन बंदुका ठेवत. आता एक जन ठेवाले तयार नाही. तो नारायण तं म्हनते, मी वोटच टाकत नाही, मंग बंदूक काऊन जमा करू?"

बंदूक परत मिळणार नाही, हा विचार त्या गावात कुणाच्या मनात नव्हता. तो आम्ही नेऊन दिला होता. पुढे नव्या इन्व्हेस्टिगेटरांना शिकवताना मी एवढंच सांगत असे, की लोकांचं मत विचारून तुम्ही निघून जाता, पण प्रश्न गावातच राहतो.