निरंक

“घरातला कागद मी वाचत नाही, सही कुठे करायची तेवढं सांग,” असं ते बायकोला म्हणायचे.

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे घरी डोळ्यांना सुट्टी. छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वार म्हणत, कारण ते प्रत्येकाच्या डोक्यावर बसायचे.

घरातला एकच कागद त्यांनी नीट वाचला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोने माहेरून चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी ते लाल शाईने तपासलं आणि परत पाठवलं. गंमत केली, असं ते सांगत. तिने पुन्हा पत्र लिहिलं नाही.

पुढे गाडी घेतली. दोघंही चालवत. “बारा वर्षांत ओरखडा नाही,” हे ते पाहुण्यांना दरवाजातच ऐकवायचे. बायको आत पाणी आणायला जायची.

ती गेली त्या वर्षी विम्याचं पत्र पहिल्यांदा त्यांनी स्वतः उघडलं. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट जवळजवळ नाहीशी झाली होती. “लेकाचे, म्हातारा बघून टोपी घालतात!” त्यांनी कोणाला न विचारता कंपनी बदलली. नव्या अर्जात ‘मागील दावे’ या रकान्यात आपल्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं : निरंक.

महिन्याने उत्तर आलं. जुन्या कंपनीकडे विचारणा केली, दोन वर्षांपूर्वी दावा झालेला आहे, आपण दिलेली माहिती खोटी आहे, सबब सूट रद्द. ‘खोटी’ या शब्दाखाली त्यांनी तीन लाल रेघा ओढल्या आणि मुलीला फोन केला. “मला जुन्या कंपनीत घेऊन चल. चूक त्यांची आहे, लेखी कबूल करून घेणार.”

“बाबा, जाऊ द्या ना.”

“जन्मात मला कोणी खोटा म्हटलं नाही.”

काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “काका, चूक आमची असेल तर मी स्वतः पत्र देते,” म्हणाल्या आणि फाइल काढून पुढे सरकवली.

“मी सांगतो, चूकच आहे.” खिशातलं लाल पेन त्यांनी आधीच उघडलं होतं.

दाव्याचा अर्ज होता. खाली सही त्यांची, खरीखुरी. वरचं अक्षर बायकोचं. ते बऱ्याच वर्षांनी तिचं एवढं लिहिलेलं वाचत होते.

‘गाडी मागे घेताना खांब दिसला नाही. मागचा दरवाजा चेपला. दुरूस्ती लवकर व्हावी, आमचे हे उद्या गावाला जाऊन परत यायच्या आत. घरी सांगितलेलं नाही. फोन कृपया माझ्याच नंबरवर करावा.’

पेनाचं टोक सवयीने ‘दुरूस्ती’वर गेलं. रु ऱ्हस्व हवा. टोक कागदाला टेकलं नाही.

“तुला ठाऊक होतं?” त्यांनी मुलीकडे न बघता विचारलं.

“आईने शपथ घातली होती.” मग ती हळूच म्हणाली, “तुम्ही ओरडला नसता, बाबा, हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, ओरडणार नाहीत गं. दुरुस्त करतील.”

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “काका, मग काय लिहून देऊ?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. फाइल मिटून, काठाला काठ जुळवून त्यांनी ती दोन्ही हातांनी परत सरकवली. नव्या कंपनीचं तीन रेघांचं पत्र काउंटरवरच राहिलं. मुलगी ते उचलेपर्यंत ते दारापाशी पोचले होते.