चांगुणाबाई रडल्या नव्हत्या

कोणी काहीही सांगितलं, की शालनताई आधी विचारायच्या, “तू स्वतः पाहिलंस?” चहावाला आज येणार नाही म्हटलं, तरी हेच. ऐंशीच्या दशकात वाशीच्या एका छोट्या साप्ताहिकात आम्ही दोघी शेजारी बसायचो. मी प्रुफं तपासायची, त्या बातमीदार. आठवडाभर बातम्या आणि रविवारी घरी बसून कथा. “बातमीला कान उघडे लागतात, कथेला डोळे मिटावे लागतात,” असं त्या म्हणत.

एकदा नेरूळजवळच्या गावात चांगुणाबाई नावाच्या आजींचं शेवटचं शेत नव्या शहरासाठी गेलं. ताईंनी सरळ बातमी लिहिली. संपादकांना ती कोरडी वाटली. त्यांनी ताईंना न विचारता शेवटी एक वाक्य जोडलं: ‘म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले.’

अंक निघाला आणि दोनेक दिवसांत चांगुणाबाई कचेरीत हजर.

“माज्या डोल्यान पानी कवा बगलंस गो? मी मासली साफ करत होती. सगला गाव हसतंय मना.”

ताईंनी संपादकांकडे बोट दाखवलं नाही. आजींना खुर्ची दिली, चहा मागवला, माफी मागितली. आजी गेल्यावर मात्र ताई संपादकांच्या टेबलापाशी गेल्या.

“दुरुस्ती छापा. नाहीतर माझं नाव यापुढे छापू नका.”

“अहो, मनातून रडलीच असेल की ती.”

“मनातलं मी रविवारी लिहिते.”

दुरुस्ती आली, तीही पहिल्या पानावर: ‘चांगुणाबाई रडल्या नव्हत्या. त्या मासे साफ करत होत्या.’ संपादकांनी आठवडाभर ताईंशी अबोला धरला. ताईंचा चहा मात्र न चुकता पाठवत राहिले.

त्या वर्षीच्या दिवाळी अंकात ताईंची कथा आली. तिच्यातली म्हातारी शेत गेल्यावर हमसून हमसून रडते. अंक घेऊन ताई मला थेट चांगुणाबाईंच्या ओटीवर घेऊन गेल्या आणि कथा वाचून दाखवली. मी जीव मुठीत धरून बसले होते. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं.

“कोन हाय गो ही?”

“कोणी नाही, मावशी. माझ्या मनातली.”

“मंग रडू दे तिला.” आणि निघताना आम्हाला वाकट्यांची सुकी मासळी बांधून दिली.

बसथांब्यावर मी म्हटलं, “कथेचं बरं आहे. कोणी भांडायला येत नाही.”

“तेच तर अवघड,” ताई म्हणाल्या. “बातमीत खोटं लिहिलं तर माणूस जाब विचारायला येतं. कथेतल्याला येता येत नाही. त्याच्या वतीने आपणच स्वतःशी भांडायचं.”

बस आली. वाकट्यांच्या वासाने आमच्या शेजारची जागा वाशीपर्यंत रिकामीच राहिली, आणि ताई खुशाल पाय पसरून बसल्या.