अकरा नोव्हेंबरची दोन मिनिटं

जव्हारच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. युरोपातली मोठी लढाई अकरा नोव्हेंबरला थांबली, म्हणून दरवर्षी त्या तारखेला सकाळी अकराच्या ठोक्याला साऱ्या साम्राज्यात दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, असा बादशहांचा हुकूम होता. आमचं संस्थान एवढंसं, पण आम्हीही उभे राहायचो.

जवळच्या साखरशेत गावची एक बाई अधूनमधून कचेरीत यायची. तिचा धाकटा भाऊ लढाईच्या वेळी फौजेच्या हमालीला समुद्रापलीकडे इराकात बसऱ्याला गेला होता. "भावाचा कागद आला का, रावसाहेब?" एवढंच विचारायची आणि परत चालू लागायची. एका वर्षी कागद अकरा तारखेच्या आठवडाभर आधीच आला होता. इंग्रजीत, तीन ओळींचा. भाऊ तिकडेच तापाने गेला होता. मी तो दप्तराखाली सरकवून ठेवला. तिला सांगायचं काम दुसऱ्या कोणीतरी करावं, असं मला वाटत होतं.

अकराचे ठोके पडले. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. तेवढ्यात ती दारात आली. आम्हाला तसं पाहून घाबरली. "कोण मेला?" तिनं मोठ्यानं विचारलं.

कचेरीच्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत पायऱ्यांखाली नेलं. "गप!" म्हणालो. ती गप झाली.

मग तिनं हळूच विचारलं, "कागद?"

"नाही आला," मी म्हणालो.

आत गेल्यावर साहेबांनी मला शाबासकी दिली. मी हसलोसुद्धा.

त्या रविवारी कागद घेऊन मी साखरशेतला चालत गेलो. ती खळ्यावर भात झोडत होती. मी सांगितलं. इतके दिवस लपवल्याचंही सांगितलं. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"त्या दिवशी तुमी कोणासाठी उभे होतात?"

"लढाईत मेलेल्यांसाठी."

"म्हंजे माज्या भावासाठी पण?"

"हो."

"मंग मला भायेर कशाला काढलं?"

मी खिशातून कागद काढला. तिनं हात पुढे केला. कागद दप्तरी ठेवायचा होता, तरी दिला. वाचता येत नव्हतं, पण बराच वेळ ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

"यात त्याचं नाव कुठंशी हाय?"

मी खाली बसलो आणि दाखवलं.