गळालेला ‘नाही’

कारखान्यात तिला सगळे काना-मात्रा मावशी म्हणत. त्याआधी एकतीस वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथे एकदा कुणीतरी तिची दुरुस्ती गुपचूप बदलली आणि बोलणी मात्र तिला खावी लागली. तेव्हापासून तिचा कुणावर विश्वास म्हणून उरला नव्हता. छापखाना बंद पडल्यावर ती इथे आली.

इथे रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणारा पंप तयार व्हायचा. त्याच्या बोटभर पडद्यावर आजवर फक्त इंग्रजी दिसायचं. आता आणखी चार भाषा घालायच्या होत्या. आपल्या भाषेतली दोनशे बारा वाक्यं तपासायला मावशीकडे होती. ती वाक्यं पंपात भरणारा इंजिनियर फार कमी बोलायचा, आणि कमी बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं, असं मावशीचं ठाम मत. प्रत्येक कागदावर सही करून ती त्याची एक प्रत कुलपात ठेवायची.

“तो तुझे शब्द पळवून काय करणार?” नवरा विचारायचा.

“पळवणार नाही. बदलेल.”

पहिल्या चाचणीत अक्षरं इतकी बारीक होती की उकार-रफार दिसतच नव्हते. “मोठी करा,” मावशी म्हणाली. इंजिनियरने मुकाट्याने केली. एवढ्या सहज ऐकलं, म्हणून तिला उलट जास्तच संशय आला.

महिन्याभराने रुग्णालयातल्या एक सिस्टर पंप हाताळून बघायला आल्या. त्यांनी मुद्दाम तो थांबवला. पडद्यावर आलं : ‘औषध देणे चालू’.

“थांबलाय ना हा?” सिस्टर गोंधळल्या. “मग चालू का म्हणतोय? वॉर्डात मी यावर विसंबून पुढच्या खाटेकडे गेले असते.”

मावशीने कुलपातला कागद आणला. त्यावर ‘औषध देणे चालू नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिने तो इंजिनियरपुढे आपटला. “माझा ‘नाही’ कुठे गेला?”

त्याने संगणकावर वाक्य दाखवलं. पूर्ण होतं. मावशीला पटेना. “माझ्यासमोर पुन्हा भरा.”

त्याने भरलं. पडद्यावर पुन्हा ‘औषध देणे चालू’. मग त्याने अक्षरं पहिल्याएवढी बारीक केली, आणि ओळीच्या टोकाला ‘नाही’ दिसला. मोठ्या अक्षरांत तो पडद्याबाहेर जात होता.

मावशी खुर्चीत बसली. अक्षरं मोठी करायला तिनेच लावली होती, आणि नंतर पडदा बघायला ती एकदाही आली नव्हती. नुसते कागद जपत बसली होती.

“मी तपासायला हवं होतं,” इंजिनियर म्हणाला.

“मीही तपासायला हवं होतं. तुमच्यावर उगाच संशय घेतला.”

“घ्या की. फक्त मला तोंडावर सांगत जा.”

त्या आठवड्यात दोघांनी शेजारी बसून सगळी वाक्यं पडद्यावर एकेक करून पाहिली. आणखी सात ठिकाणी शेपूट तुटलेलं सापडलं. ‘औषध देणे चालू नाही’च्या जागी मावशीने ‘औषध बंद’ लिहिलं. मग बाकीच्या तीन भाषा तपासणाऱ्यांना तिने फोन लावला आणि कागद बाजूला ठेवून पंपासमोर येऊन बसायला सांगितलं.