ब्रेत्स्लावच्या बाकावरचा डबा

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. माझी वही नेली, पुण्याला लेकीकडे चाललोय असं सांगितलं, आणि वहिनींना घेऊन युरोपात रेल्वेने फिरून आला. ज्या गावांना आम्ही दोघा बहीणभावांनी बरोबर जायचं ठरवलं होतं त्याच गावांना गेला, मी लिहून ठेवलेल्या क्रमाने. हे मी आधीच सांगून टाकते, कारण घरात सध्या या गोष्टीला ‘गैरसमज’ म्हणायची टूम निघाली आहे.

आमचे वडील म्हैसूरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. घरात खेळणी नव्हती, पण गाड्यांचं वेळापत्रक होतं, जाडजूड, दरवर्षी नवं. जुनं झालं की ते आम्हा दोघा भावंडांचं. दादा गावाचं नाव सांगायचा आणि मी तिथवर गाड्या जोडून द्यायची. वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचे, “गाडी बदलायची असेल तर पहिली धरू नका. एक सोडा, दुसरी धरा. पहिली चुकली की माणूस चुकतो.” शाळेच्या नकाशात युरोपची गावं जवळजवळ दिसायची, म्हणून दादा म्हणाला, मोठेपणी आपण दोघं तिथे रेल्वेनेच फिरू. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि मी नऊची. पण हे तो पुढेही म्हणत राहिला. माझ्या लग्नात म्हणाला, माझा नवरा गेला तेव्हा माझ्याजवळ बसून म्हणाला, आणि बँकेतून निवृत्त झाला त्या दिवशी हार गळ्यात असतानाच म्हणाला, “आता तू आणि मी. कर गाड्या जोडायला सुरुवात.”

मी केली. मी अर्धवट काही करत नाही. इथे म्हैसूरच्या हेब्बाळ भागात मोठ्या कंपन्या आल्या तेव्हा महाराष्ट्रातून नोकरीला आलेल्या पोरांना रोजचा भात जाईना. मी विजयनगरच्या माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला लागले. आज अकरा बायका माझ्याकडे काम करतात. गव्हाच्या व्यापाऱ्यापासून गॅसवाल्यापर्यंत कुणीही पहिला सांगितलेला भाव मी आजवर मान्य केलेला नाही. तसंच या प्रवासाचं केलं.

आधी एका प्रवासी कंपनीत गेले. तिथल्या तरुणाने रंगीत पत्रक पुढे सरकवलं. “अम्मा, अकरा दिवसांत सात देश. एसी बस, रोज इंडियन जेवण.”

“मला रेल्वेने जायचंय.”

“रेल्वे यात आहे ना, अम्मा. डोंगरावरची छोटी गाडी. पाऊण तास.”

“अकरा दिवसांत पाऊण तास? उरलेले दिवस मी बसच्या काचेला नाक लावून बसू?”

“या वयात बॅगा ओढत फलाट बदलायचे म्हणजे...”

“माझं वय तुझ्या पत्रकात कुठे लिहिलंय?” असं म्हणून मी उठले. तो मागून सवलत सांगत दारापर्यंत आला. पण भाव तेव्हाच करावा जेव्हा माल हवा असतो.

मग मीच बसले. दोनशे पानी वही घेतली. संगणकावर गाड्या शोधायला भाचीने, दादाच्या पुण्याच्या लेकीने, फोनवरून शिकवलं. प्रागपासून सुरुवात, कारण गाव जुनं आणि पायी फिरण्याजोगं. तिथून ओलोमोउत्स, जे प्रागइतकंच बघण्याजोगं पण गर्दी निम्मी, आणि चौकात एक जुनं घड्याळ. मग व्हिएन्ना. व्हिएन्नाहून दोन दिवस बुडापेस्टला जाऊन परत, आणि तिथूनच विमान. प्रत्येक गावाला एक पान. स्टेशनवर जिना आहे की लिफ्ट, हॉटेल किती पावलांवर, पाणी कुठे भरायचं, सगळं. ओलोमोउत्सहून व्हिएन्नाला जाताना ब्रेत्स्लाव नावाच्या जंक्शनवर गाडी बदलायची होती. पुढची गाडी सात मिनिटांत होती. मी तिच्यावर काट मारली आणि दोन तासांनंतरची लिहिली. खाली लिहिलं: ‘इथे बाकावर बसून घरचं खाणे.’ ब्रेत्स्लावला बघण्यासारखं काय आहे ते मी शोधलंच नाही. वडिलांचा नियम पाळायला एक जागा हवी होती, ती मिळाली.

वही पुरी झाली तसं दादाने ती मागितली. “एकदा नजर घालतो. बँकेतली सवय.” मी दिली. धंद्यात मी मूळ कागद कधी हातातून सोडत नाही, झेरॉक्स देते. भावाला कुणी झेरॉक्स देतं का?

महिन्याभराने म्हणाला, “या वर्षी नको. तुझा गुडघा बघ जरा. पुढच्या वर्षी बघू.” आणि लगेच, “आम्ही पुण्याला जाऊन येतो तीन आठवडे.”

मला राग आला, पण गुडघा दुखत होता हेही खरं. मी भाचीसाठी शंकरपाळे तळले. स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले. त्या डब्याच्या झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे. लग्नातली भांडी, तेव्हा सगळ्यांवरच नाव घालत. दादा डबा न्यायला आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, “एवढे कशाला केलेस?” मला वाटलं, संकोच.

डबा परत आणला वहिनींनी, तीन आठवड्यांनंतर. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. साखर घालतील, चार लिंबं घालतील, पण रिकामा नाही. वहिनी या बाबतीत फार कर्मठ. त्यांनी झाकण लावलेला डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “पुण्याच्या मॉलमधली बिस्किटं आहेत, वन्सं. सुम्ने, उगीच आपली, रिकामा कसा द्यायचा म्हणून.”

मी डबा उघडला. गोल, पातळ बिस्किटांची दोन पाकिटं होती. मी कुठलीही वस्तू हातात आली की आधी मागची बाजू वाचते. किमतीच्या चिठ्ठीवर रुपयाची खूण नव्हती. आणि रोमन अक्षरांवर चेक भाषेतल्या उलट्या टोप्या होत्या. तशाच उलट्या टोप्या मी सहा महिने स्टेशनांच्या नावांवर काढत होते. ब्रेत्स्लावच्या दुसऱ्या अक्षरावर आहे ना, तशी.

“वहिनी,” मी म्हटलं, “प्राग कसं वाटलं?”

त्या स्टुलावर बसल्या. मग पदर डोळ्यांना लावला. मी पाणी दिलं. पाणी देतानाच मी विचारलं, “कुणी ठरवलं?”

“ह्यांनी. मी म्हटलं होतं, वन्संना सांगा. सत्तर वेळा म्हटलं, अल्वा, नाही का? तर म्हणाले, ती आली की प्रत्येक फलाटावर पंचायत. बैलकुप्प्याला काय झालं आठवतंय ना, म्हणाले.”

बैलकुप्प्याला काय झालं तेही सांगते. म्हैसूरजवळच्या त्या तिबेटी वसाहतीतल्या एका दुकानात मी गालिच्याच्या भावावरून तासभर घासाघीस केली. दादा बाहेर उभा होता, जेवणाची वेळ टळली. मी दुकानदाराला जरा मोठ्याने बोलले. शेवटी दुकानदार हसला, मी हसले, गालिचा आला. तो गालिचा आज दादाच्या दिवाणखान्यात आहे. मी त्यालाच दिला. त्यावर पाय ठेवून तो वर्षानुवर्षं पेपर वाचतो, आणि लाज वाटते ती माझी. त्याच्या लेकीच्या लग्नाला कार्यालयवाल्याशी कोण भांडलं? तेव्हा दादा आंब्याच्या झाडाखाली उभा राहून म्हणत होता, “तूच बोल, मला जमत नाही.” मी बोलले तेव्हा ते जमणं होतं. आता ती पंचायत झाली.

मी भांडखोर आहे, हे मला माहीत आहे. दुसऱ्याच्या कामासाठी भांडणारी माणसं घरात हवी असतात, आपल्याबरोबर गाडीत नको असतात. हे त्याने तोंडावर सांगितलं असतं तर मी दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी विचारलं असतं, बरं, किती बोलायची मुभा आहे? काहीतरी ठरलं असतं. माझ्याशी बोलून कुणाचं कधी ठरलं नाही असं झालेलं नाही.

वहिनी पिशवीतून वही काढून देत होत्या. मी ती उघडली. दादाने पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या होत्या, बँकेत करायचा तशा. लिफ्टपुढे खूण. घड्याळापुढे खूण. ब्रेत्स्लावच्या पानावर तीन खुणा, ‘घरचं खाणे’ याच्यापुढेसुद्धा.

“तिथे शंकरपाळे खाल्लेत?”

“हो. दोन तास बसलो होतो. गाडी होती आधीची, पण ते म्हणाले, एक सोडायची.” वहिनींनी पदर सावरला. मग अगदी हळू म्हणाल्या, “डबा मीच पुण्याच्या नावाने नको म्हणत होते घ्यायला. त्यांनी तिथे उघडला, आणि झाकण उलटं ठेवलं बाकावर. नाव खाली करून. मी बघितलं ते.”

व्हिएन्नाच्या पानानंतर खुणा नव्हत्या. बुडापेस्टच्या पानावर फक्त माझं अक्षर होतं. मी लिहिलं होतं, स्टेशनवर दीड तास आधी पोचणे. वहिनींनी सांगितलं, त्या सकाळी दादाने व्हिएन्नाच्या हॉटेलात सावकाश नाश्ता केला आणि गाडी डोळ्यांदेखत गेली. तिकीट त्याच गाडीचं होतं. खिडकीवरच्या बाईने नाही म्हटलं, आणि दादा गुपचूप मागे फिरला. दुसरी गाडी दोन तासांनी होती, माझ्याच वहीत लिहिलेली. पण नव्या तिकिटासाठी खिडकीशी बोलायला कुणी नव्हतं. उरलेले दोन दिवस दोघं हॉटेलात बसले.

मी हसले नाही. हसायला हवं होतं.

आता मी काय करते आहे ते सांगते. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची घाई नाही म्हटलंय, व्यायाम सांगितलाय. चाकांची बॅग घेतली, तिच्यात दहा किलो कणीक भरली, आणि रोज सकाळी विजयनगरच्या रस्त्यांवर ओढत हिंडते. पहिल्या दिवशी शेजारीण फाटकातून म्हणाली, “घर सोडून चाललात की काय?” मी म्हटलं, “सराव आहे. खरी जाईन तेव्हा तुम्हाला सांगून जाईन.” आमच्या घरात आता तेवढंही मोठं वाटतं. फलाटाचे जिने चढता यावेत म्हणून माझ्या पोळ्यांच्या कारखान्याच्या गच्चीवर बॅग हातात उचलून नेते. पहिल्या आठवड्यात चार वेळा थांबावं लागायचं, आता एकदा. पोळ्या लाटणाऱ्या बायका खाली उभ्या राहून मोजतात आणि मी थांबले की त्यांच्यातली एखादी पैज हरते.

बेंगळुरूला व्हिसाची तारीख घेतली आहे. वही पुन्हा लिहिली, या वेळी उलट्या दिशेने. बुडापेस्ट आधी. दादाची खूण नसलेलं ते एकच पान आहे, म्हणून तिथून सुरुवात. मग व्हिएन्ना, ब्रेत्स्लाव, ओलोमोउत्स, प्राग. नव्या वहीची झेरॉक्स काढली आहे आणि मूळ वही कपाटात आहे.

दादाने त्या दिवसापासून मला तोंड दाखवलेलं नाही. फोन केला की वहिनी म्हणतात, झोपलेत. सकाळी दहाला झोपलेत, संध्याकाळी पाचला झोपलेत. निरोप आला, “जाऊ दे आता. लहान गोष्ट आहे.” वडिलांची आठवण सांगून मामला मिटवायचा प्रयत्नही झाला. वडिलांना मध्ये आणू नका. ते पहिली गाडी सोडायला शिकवायचे, माणूस सोडायला नाही.

तो डबा धुऊन ओट्यावर ठेवला आहे, झाकण वर, नाव वर. आता डबा माझ्याकडे आहे आणि रिवाजाप्रमाणे मीच कधीतरी भरून पाठवायला हवा. मी पाठवणार नाही. बिस्किटं बायकांना वाटून टाकली. डबा माझ्याबरोबर येईल आणि त्याच बाकावर उघडेल.

मी निघायच्या आत, दादा, तू इथे ये. वहिनींना पाठवू नकोस, निरोप पाठवू नकोस. या ओट्यासमोरच्या स्टुलावर बस. का गेलास, हे मी विचारणार नाही, ते मला कळलं. फलाटावरची पंचायत नको होती, तेही कळलं. तिथे मी नव्हते, भांडण नव्हतं, परक्या गावात माझं नाव वाचणारं कुणी नव्हतं. मग झाकण उलटं का ठेवलंस? एवढं एक सांग. तोंडाने सांग, माझ्याकडे बघून सांग.