आयेला ‘तुम्ही’

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कळवणजवळच्या खेड्यातून नाशिकला नर्सिंगला आले आणि आज तेच शिकवते. याचा मला अभिमान आहे, तो लपवायचं काही कारण दिसत नाही. पहिल्या वर्षी वॉर्डात माझ्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘शे’ निघालं की बरोबरच्या मुली तोंड दाबून हसायच्या. वर्षभरात मी ते जिभेवरून खरवडून काढलं. बदलले म्हणून टिकले, असंच विद्यार्थिनींना सांगत आले.

दोन वर्षांपूर्वी हरसूलकडची एक मुलगी शेवटच्या वर्षाला होती. लिहिण्यात बेताची. पण ज्या म्हाताऱ्यांची शीर कुणालाच सापडत नसे, तिथे सिस्टर तिलाच हाक मारायच्या. प्रॅक्टिकलला तिच्या वाट्याला रक्त काढायचं काम आलं. पेशंट सुरगाण्याकडची आजी, सकाळपासून कुणाला हात लावू देत नव्हती. ही सरळ तिच्या खाटेवर टेकली.

“आये, हात दे. तू माझ्याकडं बघ, सुईकडं नको बघू. जेवलीस का नाय?”

आजी भाकरी कशी कच्ची होती ते सांगत बसली, तोवर नळी भरली.

बाहेरून आलेले परीक्षक सर म्हणाले, “पेशंटला अगं-तुगं? मैत्रीण आहे का तुझी?”

“सर, आमच्याकडं आयेला तुम्ही नाय म्हणत. परक्याला म्हणतात.”

आजी मध्येच बोलली, “तिला काय बोलतोस रं बाबा? सुई गेली ती कळली बी नाय.”

सर हसले. आजीने त्यांनाही एकेरीच घेतलं होतं, पण परीक्षा आजीची नव्हती. चेकलिस्टमध्ये ‘रुग्णाशी आदराने बोलते’ या ओळीपुढे चांदणी होती. चांदणीची ओळ गेली की बाकी सगळं आलं तरी शेरा एकच, नॉट कॉम्पिटंट. कॉलेजकडून परीक्षक मी होते, खाली माझीही सही लागायची. मला बोलता आलं असतं. मी सही केली, आणि खरं सांगायचं तर सरांचं मला तेव्हा पटलंही होतं.

तिच्या वडिलांनी बजावलं, अजून एकदाच. नाही झालं तर शिक्षण बंद, घरी यायचं.

मग मी तिला रोज संध्याकाळी इंदिरानगरला माझ्या घरी बोलावू लागले. उशीला पेशंट करायचं. “तुम्ही बसा. हात द्या. तुमची हरकत नाही ना?” ‘द्या’च्या जागी ‘दे’ आलं की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला ती म्हणायची, “मॅडम, उशीला काय म्हणू, काकू म्हणू का मावशी?” नंतर नंतर तिने थट्टा करणं सोडलं. मला वाटलं, मुलगी तयार झाली.

फेरपरीक्षेला पेशंट एक निवृत्त गृहस्थ होते. परीक्षक दुसऱ्या कॉलेजच्या मॅडम आणि मी. ती बोलली अगदी शुद्ध. पण तांदळातले खडे निवडावेत तसा एकेक शब्द निवडत होती, मध्येच थांबत होती. नळी भरली. “झालं हं आजोबा, धन्यवाद,” म्हणाली आणि दंडाला बांधलेला रबरी पट्टा न सोडताच तिने सुई ओढली. रक्त चादरीवर आलं. आजोबांचा हात बघता बघता काळानिळा झाला.

ही चूक पहिल्या वर्षाची मुलगीही करत नाही. हिने तर कधीच केली नव्हती. पट्टा सोडण्याच्या ओळीपुढेही चांदणी होती, आणि तिथे कुणाचंच दुमत होण्यासारखं नव्हतं. खूण मीच केली.

दोन दिवसांनी वडील वसतिगृहावर तिचं सामान न्यायला आले. ती जीपमध्ये बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती.

“बाई,” ते म्हणाले, “पोरीचा हात चांगला नाय का?”

“चांगला आहे,” मी म्हटलं.

“मंग?”

मी खाली ठेवलेली ट्रंक उचलायला गेले. ते ती माझ्या हातून घेऊन टपावर बांधायला लागले.