एकतीस नंबरचा बिल्ला

वडनेर भोलजीपासून कोसभरावर, नांदुऱ्याच्या वाटेवर, एक जिनिंग फॅक्टरी होती. दिवाळीनंतर तिचा भोंगा सुरू व्हायचा आणि चैत्रात बंद पडायचा. त्या पाच महिन्यांत आसपासच्या गावांतल्या दीडशे बाया तिथे रेच्यांत, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांत, कापूस घालायला जात. त्यांच्यातली एक झुंबरबाई. वय पस्तिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, बोलणं थोडं. नवरा पुंजाजी दुसऱ्याच्या मळ्यात वाट्याने मेथी-वांगी करायचा आणि बाजारात नेऊन विकायचा. माणूस गरीब गाईसारखा. भांडण दिसलं की हा रस्ता बदलायचा. झुंबरबाईचं तसं नव्हतं. ती भांडण उकरून काढत नसे, पण कुणी खोडी काढली तर ती विसरत नसे.

फॅक्टरीत प्रत्येक बाईला पितळेचा एक बिल्ला मिळायचा. त्याच्यावर नंबर ठोकलेला. तो दाखवला तरच फाटकातला चौकीदार आत सोडायचा, आणि पंधरवड्याच्या पगाराला तोच खिडकीतून आत सरकवावा लागायचा. आतला बाबू बिल्ल्यावरचा नंबर बघून पगारपत्रकात तेवढी ओळ काढायचा, बाई अंगठा उठवायची, मग पैसे आणि बिल्ला दोन्ही बाहेर यायचे. झुंबरबाईचा नंबर एकतीस. काळ्या दोऱ्यात ओवून ती तो गळ्यात घालायची. नऊ हंगाम तिने त्या एकाच नंबरवर काढले होते. दहा हंगाम एका नंबरवर पुरे केले की मालक शेवटच्या दिवशी महिन्याचा जादा पगार देत असे. पासष्ट सालच्या दिवाळीनंतर सुरू झालेला हा हंगाम तिचा दहावा होता.

खिडकीतल्या बाबूचं नाव गुलाबराव. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, केसांना वासाचं तेल. बायांशी बोलताना तो मान वर करत नसे. आदल्या वर्षी त्याने झुंबरबाईला चार आणे कमी दिले, तेव्हा ती खिडकीपुढून हलली नव्हती. मागे चाळीस बायांची रांग खोळंबली होती. तिने त्याच्याकडून पैसे दोनदा मोजून घेतले, आणि मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गुलाबरावाने ते हसणं मनात ठेवलं असावं.

पौषातल्या पगाराच्या दिवशी झुंबरबाईने नेहमीसारखा बिल्ला आत सरकवला. गुलाबरावाने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि टेबलाच्या खणात टाकून खण लोटला.

"या नंबरात घोळ आहे," तो म्हणाला. "तपासा लागते. पुढच्या पंधरवड्याले ये."

तिने पगार मागितला. तोही तपासल्यावर मिळेल, असं तो म्हणाला. तिने मग बिल्ला तरी परत मागितला, तेव्हा त्याने पुढच्या बाईला हाक मारली. झुंबरबाई बाजूला झाली. हात रिकामे, गळ्यात नुसता काळा दोरा. दुसऱ्या दिवशी चौकीदाराने तिला फाटकातच अडवलं. बिचाऱ्याचा दोष नव्हता, बिल्ल्याशिवाय सोडू नये असा त्याला हुकूम होता.

पंधरा दिवसांनी ती परत खिडकीशी उभी राहिली. गुलाबरावाने तिच्याकडे असं पाहिलं जणू ही बाई त्याने कधी पाहिलीच नव्हती. कोणता बिल्ला, असं त्याने विचारलं. तूच हरवला असशील. हरवलेल्या बिल्ल्याला दोन रुपये दंड पडतो, तो भर, नवा नंबर घे आणि उद्यापासून कामाला लाग. नवा नंबर म्हणजे नवी बाई. नऊ हंगाम पाण्यात.

झुंबरबाई मॅनेजरकडे गेली. मॅनेजर भला माणूस होता, पण कागदाचा. त्याने गुलाबरावालाच बोलावून विचारलं, गुलाबरावाने नम्रपणे सांगितलं की बाई बिल्ला हरवून बसली आहे आणि दंड चुकवण्यासाठी रडगाणं गाते आहे. मॅनेजरने तिला समजावलं की दोन रुपयांसाठी एवढं ताणू नये. तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. बिल्ला आत दिल्याची पावती कोण देतं?

घरी पुंजाजीनेही तेच म्हटलं. दंड भर आणि मोकळी हो. त्या साली धान्याची ओढ होती, रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळत होती आणि त्याच्या भाकरी थापता थापता तुटत होत्या. घरात पगार यायला हवाच होता. झुंबरबाईने ऐकून घेतलं आणि सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. नवा नंबर मात्र तिने घेतला नाही.

माघातल्या पगाराच्या संध्याकाळी सोजराबाई तिच्या घरी आली. सोजराबाईचा नंबर बत्तीस, म्हणून नऊ वर्षं दोघी रांगेत पुढेमागे उभ्या राहत. सोजराबाईलाही अक्षरओळख नव्हती, पण आपला अंगठा कुठे उठवायचा ते तिला डोळे मिटूनही कळत होतं. झुंबरच्या अंगठ्याच्या खालीच.

"तुह्या जागेवर अंगठा होता," ती म्हणाली. "ओला. माह्या बोटाले शाई लागली त्याची."

झुंबरबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. गुलाबराव तिचा बिल्ला खणात ठेवून बसला होता एवढंच नव्हतं. तिला कामावर हजर दाखवून, तिच्या नावावरचा पगार तो दर पंधरवड्याला उचलत होता, आणि चैत्रात दहाव्या हंगामाचा जादा पगारही उचलणार होता. सडकेवर खडी ती फोडत होती आणि फॅक्टरीत तिच्या नावाने कुणीतरी अंगठे उठवत होतं.

त्या क्षणापर्यंत तिला फक्त बिल्ला हवा होता. आता तिला गुलाबराव हवा होता. तिने सोजराबाईला शपथ घातली की हे कुणाजवळ बोलायचं नाही, घरच्या माणसाजवळसुद्धा नाही.

शुक्रवारी ती खडीच्या कामाला न जाता नांदुऱ्याला गेली. तिथे रामराव नावाचे एक अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज लिहून देणं हाच त्यांचा धंदा. म्हातारा खोकायचा फार, पण त्याच्या अर्जाला उत्तर येत असे. तिने सगळं सांगितलं. रामरावांनी पेन खाली ठेवलं आणि तिला दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे आता खिडकीवर जाऊन बिल्ला मागायचा नाही, म्हणजे तो बेसावध राहील. दुसरी म्हणजे सडकेच्या मुकादमाकडून रोजच्या हजेरीची नक्कल घ्यायची. ज्या दिवशी ती फॅक्टरीत हजर दाखवली आहे, त्याच दिवशी ती सडकेवर होती हे दिसलं पाहिजे.

"बाई, तुले बिल्ला पाहिजे का अजून काही?" त्यांनी विचारलं.

"बिल्ला तर पाहिजेच," ती म्हणाली. "पण पहिले तो बाबू त्या खिडकीतून बाहेर निघाला पाहिजे."

रामरावांनी पेन उचललं आणि ते लिहू लागले. अर्ज अकोल्याला फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे रजिस्टर पोस्टाने गेला. पावती तिने चोळीच्या आत ठेवली. पुढचे वीस-बावीस दिवस ती खडी फोडत राहिली. फॅक्टरीवरून रोज जायचं-यायचं असे. कधी गुलाबराव फाटकाशी उभा दिसला तर ती मान खाली घालून पुढे जायची. तो आपल्याशीच हसायचा. ते हसू ती घरी घेऊन यायची आणि भाकरी थापताना आठवायची. पुंजाजीला वाटायचं बायको थंड झाली. ती थंड झाली नव्हती. दोन हंगामांपूर्वी रेच्याच्या पट्ट्याने तिचं एक नख उडवलं होतं, तेव्हासुद्धा ती इतकी गप्प नव्हती.

इन्स्पेक्टर येणार असल्याचं पत्र मॅनेजरला आलं तशी ही गोष्ट गुलाबरावाला समजली. तो भर दुपारी सायकल मारत वडनेरला आला. पुंजाजी बाहेर वांगी निवडत होता. गुलाबराव कधी नव्हे तो खाटेवर बसला, पाणी मागून प्यायला, आणि रुमालाची गाठ सोडली. आत एकतीस नंबरचा बिल्ला आणि नोटा.

घोळ निस्तरला, असं तो म्हणाला. बिल्ला रद्दीच्या फायलीत गेला होता. हा सगळा राहिलेला पगार, वर दहा रुपये, तिला त्रास झाला म्हणून. अर्ज तेवढा मागे घे.

पुंजाजीचे डोळे भरून आले. त्याने हात पुढे केला. झुंबरबाईने त्याचा हात धरून मागे घेतला आणि ओसरीवरून शेजारच्या मंजुळाबाईला हाक मारली. मंजुळाबाई आली, तिची सून आली, समोरचे दोघे-तिघे म्हातारे काठ्या टेकत आले.

"बाबू, थोडं वाचून दाखवा," ती शांतपणे म्हणाली. "त्या बिल्ल्यावर कोणता नंबर आहे? मले वाचता येत नाही."

गुलाबराव उठला. त्याने रुमाल गुंडाळायला घेतला. एका म्हाताऱ्याने वाकून बिल्ला पाहिला आणि एकतीस म्हणून मोठ्याने वाचला.

"हा बिल्ला मी हरवला होता, असं तुम्ही मॅनेजरले सांगतलं," झुंबरबाई म्हणाली. "आता तुमच्या रुमालातून निघाला, ते इतक्या जणांनी पाह्यलं. तो आता तुमच्यापाशीच राहू द्या. साहेबाले दाखवजा."

गुलाबराव सायकलीवर बसून गेला. पुंजाजी तिच्यावर उभ्या जन्मात पहिल्यांदा ओरडला. घरात आलेली लक्ष्मी हाकलली म्हणाला. खरं सांगायचं तर त्या नोटा तिलाही हव्या होत्या. पण त्या घेतल्या असत्या तर गुलाबराव पुढच्या पंधरवड्याला त्याच खिडकीत मान खाली घालून बसला असता, आणि दुसऱ्या कुणाचा तरी बिल्ला खणात गेला असता.

इन्स्पेक्टर साहेब अकोल्याहून आले तेव्हा शिमगा जवळ आला होता. फॅक्टरीच्या शेडपुढे टेबल मांडलं. पगारपत्रकं बाहेर काढली. रेचे थांबवले होते, त्यामुळे दीडशे बाया अंगावर रुईची धूळ घेऊन भिंतीला लागून उभ्या होत्या. साहेबांनी झुंबरबाईचा अंगठा घेतला आणि भिंगातून पत्रकातल्या चार पंधरवड्यांच्या अंगठ्यांशी लावून पाहिला. जुळला नाही. मुकादमाची नक्कल पाहिली. मंजुळाबाईला आणि म्हाताऱ्यांना विचारलं. मग गुलाबरावाला विचारलं की हे अंगठे कुणाचे. त्याला माहीत नव्हतं. गर्दीत कुणी उठवला असेल.

तेव्हा झुंबरबाई पुढे झाली आणि म्हणाली की बाबूचाही अंगठा घ्यावा.

गुलाबराव म्हणाला, "साहेब, मी सही करणारा माणूस आहे."

"सही रोजच करता, बाबू," ती म्हणाली. "आज अंगठा द्या."

साहेबांनी शाईचा डबा पुढे सरकवला. गुलाबरावाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर पत्रकाकडे पाहत होता. मग गुलाबरावाने उजव्या हाताची बाही वर केली आणि अंगठा शाईत बुडवला. साहेब म्हणाले, डावाही. डावा जुळला. चारही ठिकाणी जुळला. या वेळी कुणी पदर तोंडाला लावला नाही. बाया उघड्या तोंडाने हसल्या, आणि झुंबरबाई गुलाबरावाच्या निळ्या बोटांकडे पाहत राहिली. त्याने ती शर्टाला पुसली. इस्त्रीच्या शर्टावर डाग पडला.

मालकाला वाटत होतं की नोकरीवरून काढलं म्हणजे प्रकरण मिटलं. झुंबरबाईला तसं वाटत नव्हतं. तिने साहेबांना विनवून फिर्याद करायला लावली. मलकापूरच्या कोर्टात खटला चालला. साक्षीला तिला एकदाच बोलावलं होतं, पण ती प्रत्येक तारखेला एस.टी.ने जायची आणि गुलाबरावाला दिसेल अशा जागी बसायची. बिल्ला गुलाबरावाकडून जप्त होऊन मुद्देमाल म्हणून कोर्टात जमा होता. त्यामुळे ती मॅनेजरच्या सहीच्या चिठ्ठीवर कामाला जात होती. मधला पगार आणि दहाव्या हंगामाची जादा रक्कम मालकाने तिला दिली.

निकालाच्या आधी एकदा गुलाबरावाची बायको सुभद्राबाई तिच्या दारी आली. बाई हाडाची साधी होती. नवऱ्याने काय केलं ते तिला सगळ्यांत शेवटी कळलं होतं. दोन पोरी लग्नाच्या आहेत, बिल्ला खरंच हरवला असेल असं कोर्टात म्हण, एवढं तिने मागितलं. झुंबरबाईने तिला पाट दिला, चहा केला, गूळ कमी होता तर शेजारून आणला. चहा पिऊन होईपर्यंत दोघी पोरींविषयी बोलल्या. मग झुंबरबाई म्हणाली की हे मात्र होणार नाही. सुभद्राबाई गेल्यावर ती कप हातात घेऊन बराच वेळ ओसरीवर बसली होती, असं पुंजाजी सांगायचा. पण पुढच्या तारखेला ती गेली.

गुलाबरावाला तीन महिन्यांची सजा झाली. सुटून आल्यावर तो वडनेर-नांदुऱ्याच्या बाजूला फिरकला नाही. झुंबरबाईने त्यानंतर आणखी अकरा हंगाम काढले. खिडकीत नवे बाबू आले-गेले, आणि प्रत्येकजण बिल्ला आधी बाईच्या हातात देऊन मग पैसे मोजायचा. तसा लेखी नियम कुठेच नव्हता.

एका हंगामात सोजराबाई मेहकरकडे लेकीच्या घरी जाऊन आली आणि तिने बातमी आणली की गुलाबराव जानेफळला एका तेलघाणीवर कामाला आहे. केस पिकले, पाठीत वाकला, शर्ट मळका. सांगताना तिचा आवाज जरा हळवा झाला होता.

झुंबरबाईने रेच्यात कापूस सारता सारता विचारलं, "तिथं पगार कोण वाटते?"

"मालक स्वतः. हा पोतं तोलते फक्त."

"मंग राहू दे," झुंबरबाई म्हणाली, आणि तिने कापसाचा पुढचा कवळा उचलला.